सोयरिकीची चौकशी आणि केंद्रातली वही

प्रश्न
(सांगली जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र संक्षेपाने देत आहे. गाव, नाती आणि काही खुणा बदलल्या आहेत; त्याचे कारण उत्तरात येईल.)

मी निवृत्त शिक्षिका आहे. आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या एका खोलीत आम्ही सहा-सात जण आठवड्यातून दोन दिवस आरोग्य माहिती केंद्र चालवतो. आमच्यात डॉक्टर कोणी नाही. रिपोर्टमधल्या शब्दांचा अर्थ सांगणे, योजनेसाठी कोणते कागद लागतात ते सांगणे, मिरजेत कोणत्या विभागात जायचे ते लिहून देणे, एवढेच आमचे काम. भिंतीवर ‘तुमचे बोलणे येथेच राहील’ अशी पाटी आहे. ती मीच रंगवून घेतली. दोन महिन्यांपूर्वी एक मुलगी आईबरोबर आली. तिला लहानपणापासून फिट येत असत, चार वर्षांत आलेली नाही, गोळ्या चालू आहेत. लग्नानंतर गोळ्या बंद करता येतील का, मुलांना हा आजार होईल का आणि सासरी सांगावे का, असे तिने विचारले. मला ठाऊक होते ते मी सांगितले आणि उरलेले डॉक्टरांना विचारायला सांगितले. आता माझ्या चुलत दिरांच्या मुलासाठी तिचेच स्थळ आले आहे, पसंती झाली आहे, पुढच्या महिन्यात सुपारी फुटेल. जाऊबाईंचा फोन आला, “तुम्ही तिथंच राहता, मुलीचं काही आजारपण वगैरे नाही ना?” मी गडबडून “बघते, सांगते” म्हणाले. रात्री यजमानांना सारे सांगितले. ते पतसंस्थेतून निवृत्त झालेले सरळ गृहस्थ आहेत; त्यांचे म्हणणे, घरच्यांपासून लपवणे म्हणजे फसवणे. मी डॉक्टर नाही, कसली शपथ घेतलेली नाही. मग हे बंधन मला आहे का? उद्या उघड झाले तर ‘तुला माहीत होतं’ असे भावकी म्हणेल. मी काय करावे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

मुद्द्याचे आधी सांगते. जाऊबाईंना सांगू नका, सुचवू नका आणि त्यांच्याशी खोटेही बोलू नका. ही तीन पथ्ये एकाच फोनवर पाळणे वाटते तितके सोपे नाही, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

‘मी डॉक्टर नाही’ या वाक्यापासून सुरुवात करू. नोंदणीकृत डॉक्टरांवर गोपनीयतेचे बंधन भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी घातले आणि ते नियम तुम्हाला लागू नाहीत, हे खरे. पण त्या मायलेकी तुमच्यासमोर बसल्या त्या पाटीवर विश्वास ठेवून. माझ्या मते ती पाटी हीच तुमची शपथ. किंबहुना स्वयंसेवकाने डॉक्टरपेक्षाही अधिक जपायला हवे असे मला वाटते. मिरजेच्या दवाखान्यात बेळगाव-विजापूरपासूनचे रुग्ण रांगेत असतात. तिथल्या डॉक्टरला या मुलीचे आडनाव संध्याकाळपर्यंत आठवणारही नाही. तुम्ही मात्र तिला आठवड्याच्या बाजारात भेटणार, हळदीकुंकवाला भेटणार आणि आता कदाचित तिच्या सासरच्या माजघरात भेटणार. चरकसंहितेच्या ‘विमानस्थान’ या भागात गुरू शिष्याला जे नियम घालून देतो त्यांत रुग्णाच्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नयेत, असा एक नियम आहे. तो आजारापुरता नाही, साऱ्या घरातल्या हकिकतीला लागू आहे, आणि ते मला फार नेमके वाटते. कारण आजार विचारायला आलेला माणूस आजाराबरोबर आपले सगळे घरच तुमच्या टेबलावर मांडतो.

आता तुमच्या यजमानांचे म्हणणे. त्यांचा हेतू चांगला आहे याविषयी मला शंका नाही. पण त्यांना एकच विचारा: पतसंस्थेत असताना कोणाचे कर्ज थकले आहे, कोणाच्या दारात वसुलीची नोटीस जाणार आहे, हे त्यांना रोज दिसत असणार. त्याच घरात कोणा पाहुण्यांनी मुलगी द्यायचे ठरवले, तेव्हा त्यांनी जाऊन सांगितले होते का? मला वाटते सांगितले नसेल, आणि आपण पाहुण्यांना फसवले असे त्यांना वाटलेही नसेल. ती माहिती पतसंस्थेच्या खुर्चीवर बसून मिळाली होती आणि खुर्चीवरून उठताना ती तिथेच ठेवायची असते, हे त्यांना न सांगता कळत होते. तुमचीही खुर्ची तशीच आहे. ती मुलगी केंद्रात आली नसती तर आज जाऊबाईंना सांगण्यासारखे तुमच्यापाशी काहीच नसते. आपले नसलेले आपण लपवतो आहोत असे मानून तुम्ही अपराधी होत आहात.

यावर कोणी म्हणेल की लग्नाची गोष्ट वेगळी, दुसऱ्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे १९९८ मध्ये ‘श्री. एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ हे प्रकरण आले होते. एका डॉक्टरला एचआयव्हीचा संसर्ग असल्याचे रुग्णालयाकडून बाहेर गेले, त्याचे ठरलेले लग्न मोडले आणि त्याने दाद मागितली. न्यायालयाने रुग्णालयाची बाजू उचलून धरली, कारण होणाऱ्या पत्नीला संसर्गाचा प्रत्यक्ष धोका होता. पण पुढे २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने हे दारही सर्वांसाठी उघडे ठेवले नाही. जोडीदाराला सांगण्याची मुभा तिथे फक्त डॉक्टर आणि समुपदेशक यांना आहे, आणि तीसुद्धा रुग्णाला आधी समजावून, तो स्वतः सांगत नाही अशी खात्री करून, ‘मी सांगणार आहे’ हे त्याला कळवून. सांगितल्यामुळे मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, विशेषतः बाईच्या बाबतीत, तर सांगायचे नाही असेही त्यात आहे. संसर्गाचा प्रश्न असताना कायदा इतकी पावले मोजून टाकतो. फिट तर कोणाला लागत नाही. तुमच्या पुतण्याच्या जिवाला यात कसलाच धोका नाही, तेव्हा धोक्याच्या नावावर गोपनीयता मोडण्याचा विचार इथे टिकत नाही.

तुम्हाला ज्याची धास्ती आहे त्यातली निम्मी, मला वाटते, ‘फिट’ या शब्दाचीच आहे. हिंदू विवाह कायद्याच्या पाचव्या कलमात वारंवार फिट येणे ही लग्नाला आड येणारी गोष्ट म्हणून नोंदलेली होती. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. आपल्या चौकशांतून तो अजून गेलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार योग्य औषध नियमित घेतल्यास सुमारे ७० टक्के रुग्णांच्या फिट थांबू शकतात. ही मुलगी चार वर्षे त्यांतच मोडते. आई किंवा वडिलांना फिट असली तरी बहुतेक मुलांना ती येत नाही. या गोष्टी जाऊबाईंना पटवायचे काम तुमचे नाही, पण तुमच्या स्वतःच्या मनातला भाग हलका व्हावा म्हणून सांगितल्या.

आता तो फोन. ‘बघते, सांगते’ हे तुमच्या तोंडून सवयीने निघाले, पण जाऊबाईंनी ते उत्तर येणार असे समजून गाठीला बांधले आहे. असे फोन पुन्हा येतील तेव्हा सर्वांत वाईट मार्ग कोणता, तर ‘तुमचं तुम्ही नीट चौकशी करून घ्या’ असे सूचक बोलणे. त्यात तुम्ही काही सांगितले नाही असे समाधान तुम्हाला मिळते, आणि ऐकणाऱ्याच्या मनात आजाराहून मोठे काहीतरी उभे राहते. फिटऐवजी लोक भलतेसलते धरून बसतात, आणि खुलासा करायला कोणीच नसते. ‘काही नाही हो, मुलगी ठणठणीत आहे’ असे म्हणणे दयाळू वाटते, पण ते खोटे आहे, आणि उद्याचा ‘तुला माहीत होतं’ हा आरोप फक्त तेवढ्याच वाक्याने खरा ठरेल.

म्हणून असे बोला: “वहिनी, आजारपणाचं मी कुणाचंच सांगत नाही. केंद्रात बसायला लागल्यापासून ते सोडलंय. उद्या आपल्या मुलाबद्दल कुणी विचारलं तरी मी हेच म्हणणार. असलं काही विचारायचं असेल तर दोन्ही घरांनी समोरासमोर बसून विचारा आणि आपलंही सांगा.” यातले शेवटचे शब्द वगळू नका. मुलीच्या आजारपणाची चौकशी होते तशी मुलाच्या तंबाखूची, रक्तदाबाची, मुतखड्याची होत नाही, आणि त्या मुलीच्या घरून तुम्हाला पुतण्याविषयी असा फोन आला असता तर यजमानांनी ‘सांगून टाक’ म्हटले असते का, याचाही जाता जाता विचार व्हावा.

एक अडचण मात्र मला दिसते आणि ती मी झाकून ठेवत नाही. गेल्या वर्षी दुसऱ्या एखाद्या स्थळाची चौकशी तुम्ही करून दिली असेल आणि याच वेळी नाही म्हणालात, तर तुमचे ‘नाही’ हेच उत्तर होऊन बसेल. गप्प राहण्याचा नियम सगळ्यांसाठी असेल तरच त्यातून काही फुटत नाही. तेव्हा आजपासून पुढे कोणाच्याच आजाराबद्दल, बऱ्याचेही नाही आणि वाइटाचेही नाही, असे ठरवा आणि चार ठिकाणी सहज बोलूनही टाका. तरीसुद्धा जाऊबाईंना संशय येऊ शकतो. तो पूर्णपणे टाळण्याची युक्ती माझ्यापाशी नाही. चार महिन्यांचा रुसवा वाट्याला आला तर तो सोसावा लागेल.

पत्रात एक गोष्ट राहून गेली आहे. ‘सासरी सांगावे का’ असा तिसरा प्रश्न त्या मुलीने तुम्हाला विचारला होता. त्याला तुम्ही काय उत्तर दिले ते तुम्ही लिहिलेले नाही. माझा अंदाज, तुम्ही ‘तुमचं तुम्ही ठरवा’ असे म्हणून सोडले असेल. निर्णय तिचा हे बरोबर, पण निर्णयाला लागणारी माहिती देणे हे तर केंद्राचेच काम. तिला हे कळायला हवे की लपवलेल्या गोळ्या चुकतात. सासरी तांदळाच्या डब्यात किंवा पर्सच्या अस्तरात दडवलेली पट्टी रोज ठरल्या वेळी काढणे नव्या सुनेला जमत नाही, आणि गोळी चुकणे हे थांबलेली फिट परत येण्याचे फार मोठे कारण आहे. दुसरे कारण झोपमोड. लग्नाची धावपळ, हळद, मग रात्रभराचा जागरण-गोंधळ; घरात निदान एकाला ठाऊक असेल तर तो ‘पोरीला आता झोपू द्या’ म्हणू शकतो. फिट आलीच तर अजाण घरात कांदा आणि चप्पल नाकाला लावतात, तोंडात चमचा घालतात. जाणत्या घरात कुशीवर वळवतात, घड्याळ बघतात आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी काढतात. गोळ्या आपल्या मनाने कधीच बंद करायच्या नाहीत, पण काही गोळ्या, विशेषतः व्हॅल्प्रोएट, गर्भाला घातक ठरू शकतात, म्हणून मूल होऊ देण्याच्या बरेच आधी डॉक्टरांशी बोलून औषध बदलायचे की नाही हे ठरवायचे असते. कायद्याची बाजूही तिला सांगावी: फिट आता लग्नाला आड येत नाही, परंतु महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असा दावा हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमाखाली होऊ शकतो, तेव्हा वकिलाचे मत घेतलेले बरे. एवढे ऐकल्यावर कदाचित ती स्वतःच मुलाशी बोलेल. माझे मत विचाराल तर सुपारीच्या आधी तिने स्वतः मुलाला सांगावे, आईवडिलांनी मध्यस्थामार्फत सांगण्यापेक्षा ते चांगले. पण हे माझे मत आहे. ते तिच्यावर लादण्याचा अधिकार मला नाही आणि तुम्हालाही नाही.

यासाठी तिला पुन्हा बोलवावे का? माझ्या मते होय, एकदाच. वहीत घेतलेला नंबर ज्या कामासाठी घेतला त्याखेरीज वापरू नये, हे मी इतरांना नेहमी सांगते. पण इथे काम तेच आहे, तिच्याच प्रश्नाचे राहिलेले उत्तर. आणि आपले गुपित ज्या बाईंच्या हाती आहे त्या नवऱ्या मुलाच्या चुलत काकू आहेत, हे कळण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. नंबर आईचा आहे असे तुम्ही लिहिता. फोन दुसऱ्या कोणी उचलला तर “वाचनालयातल्या बाई बोलतेय, पुन्हा करते” एवढेच म्हणून ठेवा. भेटल्यावर आधी नाते सांगा. मग, जड गेले तरी, यजमानांशी बोलून गेल्याचेही सांगा. हे टाळून पुढचे सगळे बोललात तर ते बोलणे पोकळ राहील. ती रागावेल, कदाचित रडेल, केंद्रात पुन्हा पाऊल टाकणार नाही. तो तिचा हक्क. ‘तू सांगितलं नाहीस तर मला सांगावं लागेल’ असे चुकूनही म्हणू नका, ती सरळ धमकी होईल. पुढे तिला दुसऱ्या स्वयंसेवकाशी बोलायचे असेल तर तशी सोय करा, पण आधी तिला विचारून.

यजमानांशी मात्र आजच बोला, जाऊबाईंचा पुढचा फोन त्यांनी उचलण्याच्या आत. ‘मी तुम्हाला सांगायला नको होतं, ती माझी चूक, आता ती तुमच्याकडून पुढे जाऊ देऊ नका’ असे स्पष्ट म्हणा. नवरा-बायकोत आडपडदा कसला, असे आपण म्हणतो खरे, पण तुमच्या बाबतीत नवरा हा मुलाचा चुलत काका आहे. मनावरचे ओझे उतरवायचेच असेल तर केंद्रातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याशी, नाव-गाव न सांगता बोलावे.

अशी कामे करणाऱ्या इतर वाचकांसाठी दोन शब्द इथेच लिहिते, कारण सातारा-सांगलीकडून अशी पत्रे आधीही आली आहेत. गोपनीयतेला अपवाद आहेत आणि ते थोडे आहेत. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे, स्वयंसेवकालाही. समोरचा माणूस जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल तर त्याला एकटे सोडू नये, विश्वासातल्या माणसाला बोलवावे आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलून घ्यावे. आणि या मर्यादा पाटीवर नाही तरी बोलणे सुरू होण्याआधी सांगाव्यात. क्षयरोगाची नोंद करण्याची जबाबदारी डॉक्टर, रुग्णालय, प्रयोगशाळा आणि औषध दुकानदार यांची आहे. ‘शेजाऱ्यांना सावध करावे’ म्हणून ती आपल्या अंगावर घेऊ नये. समोर बसलेला माणूस नात्यातला किंवा नात्यात येऊ घातलेला निघाला तर तिथेच थांबून ‘दुसऱ्यांकडे बसता का?’ असे विचारावे.

नाव न घेतले की गुपित राहिले, हा समज सर्वांत जास्त घात करतो. तुम्ही लिहिता की त्या दिवशी तुम्ही स्वयंसेवकांच्या व्हॉट्सअॅप गटावर नाव न देता प्रश्न टाकला होता. तुमच्या मूळ पत्रातही नाव नव्हते. होते ते एवढेच: गाव, वडिलांची द्राक्षबाग किती एकर, ती कितवी मुलगी आणि तिचे शिक्षण. आपल्याकडे एवढ्या खुणा पुष्कळ झाल्या. एसटी स्टँडवरचा चहावालासुद्धा घर दाखवील. म्हणून वर तुमचे पत्र देताना त्या काढाव्या लागल्या. गटावर ‘फिटच्या गोळ्या आणि बाळंतपण, विश्वासार्ह माहिती कुठे मिळेल’ एवढे विचारले असते तरी उत्तर तेच आले असते. माणूस वगळूनही प्रश्न विचारता येतो. रुग्णांनी पाठवलेले रिपोर्टचे फोटो फोनच्या गॅलरीत आपोआप साठतात आणि तोच फोन संध्याकाळी नातवंडांच्या हातात असतो. काम झाले की ते पुसावेत.

उरली ती वही. तिच्यात नाव, गाव, वय, मोबाइल आणि ‘विषय’ असे रकाने आहेत आणि ती टेबलावर उघडी असते, म्हणजे सही करायला वाकणाऱ्या प्रत्येकाला वरच्या दहा जणांचे आजार वाचता येतात. किती लोक आले हे देणगीदारांना दाखवायचे तर तारीख आणि अनुक्रमांक पुरेसे आहेत. पुन्हा बोलवायचे असेल अशांचेच नंबर, त्यांच्या संमतीने, वेगळ्या वहीत घ्या आणि ती कुलपात ठेवा. जुन्या वह्या रद्दीत घालू नका, फाडून जाळा. हे मला इतक्या बारकाईने कसे ठाऊक, असे तुम्हाला वाटेल. नोंदी किती नीट ठेवता हे दाखवण्यासाठी तुम्ही पत्राबरोबर वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला होता. त्यावर अकरा नावे होती. वाचायची नाहीत असे ठरवूनही सातव्या ओळीतल्या ‘विषय’ रकान्यातले ‘फिट, लग्न’ हे दोन शब्द दिसले आणि नजर आपोआप डावीकडे गेली. फोटो मी पुसून टाकला आहे. तुमच्या फोनमध्ये तो अजून असेल.